१ ऑगस्ट १९१७ : पॉल तेसिये यांचा जन्म

फ्रान्समध्ये नांत शहराजवळच्या एरिक गावी १ ऑगस्ट १९१७ रोजी शल्यविशारद पॉल तेसिये जन्मले. १९६७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी कवटी उघडून डोळ्यांच्या खोबणी जवळ आणण्याची आणि वरच्या जबड्यासह चेहऱ्याचा मधला भाग पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया मांडली.

तोवर चेहऱ्याच्या आणि कवटीच्या जन्मजात व्यंगांवर बहुधा वरवरची डागडुजी होई. बिघाड सांगाड्यात असेल तर सांगाडाच हलवायला हवा, हा तेसिये यांचा आग्रह. एवढी जोखीम केवळ दिसण्यासाठी का, हा आक्षेप आजही ऐकू येतो. पण क्रूझाँ या जन्मजात विकारात कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात. वाढत्या मेंदूवर दाब येऊ शकतो, उथळ खोबणीतल्या डोळ्यांवर पापण्या नीट मिटत नाहीत, मागे राहिलेल्या जबड्यामुळे श्वास अडतो. इथे रूप आणि आरोग्य वेगळे काढता येत नाही. (आणि प्रश्न निव्वळ रूपाचा असता, तरी तो क्षुल्लक ठरवणारे इतर कोण?) जोखमीचा मुद्दा मात्र खरा आहे. नाकाची पोकळी आणि मेंदूचे आवरण यांच्यातली भिंत उघडली की जंतुसंसर्गाचे भय असतेच. तेसिये यांनी ते झटकले नाही. शवांवर सराव केला, मेंदूचे शल्यविशारद जेरार गियो यांना सोबत घेतले आणि परदेशी तज्ज्ञांना पॅरिसजवळच्या फॉश रुग्णालयात बोलावून आपले काम तपासायला लावले. आता अनेकदा हाड एका दमात न सरकवता रोज सुमारे एक मिलिमीटर ताणतात; ते कुठे कापायचे, हे मात्र बऱ्याच अंशी तेसियेंनीच आखून दिलेले आहे.