यांत्रिक कारकुनाचे गुणदोष

कारकून चांगला कीं वाईट, हें ठरवावयाचें असेल तर तो कचेरींत हजर असतांना ठरवूं नये, असें आम्हांस वाटतें. तो रजेवर गेला म्हणजे त्याचें दप्तर काढावें, आणि त्यानें लिहून ठेवलेलें दुसऱ्या कोणास वाचतां येतें कीं नाहीं हें पाहावें. खरी परीक्षा तीच होय. गेल्या साडेचार दशकांत आपल्या कचेऱ्यांतून व आतां घराघरांतूनही एक नवा कारकून रुजू झाला आहे. पत्रें लिहिणें, हिशेब मांडणें, तक्ते आंखणें हीं कामें करणारें संगणकावरील जें साधन, ज्यास ‘ऑफिस सॉफ्टवेअर’ असें म्हणतात, तोच हा कारकून. याच्या धन्यांनीं याची स्तुति पुष्कळ केली व निंदाही तितकीच केली. त्या स्तुतिनिंदेचा इतिहास पाहिला असतां एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, ज्या दोषांबद्दल लोकांनीं सर्वांत मोठा गलबला केला ते बहुधा लहान होते, आणि मोठे दोष फार काळ कोणाच्या लक्षांतच आले नाहींत.

या कारकुनानें प्रथम नांव मिळविलें तें हिशेबाच्या टेबलावर. हार्वर्ड येथें व्यापारशास्त्राचें शिक्षण घेत असतांना डॅन ब्रिकलिन यांस १९७८ सालीं असा विचार सुचला कीं, फळ्यावर मांडलेल्या कोष्टकांतील एक आकडा बदलला म्हणजे पुढचे सारे आकडे पुसून पुनः काढावे लागतात. हे श्रम यंत्रानें कां घेऊं नयेत? बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्यानें त्यांनीं ‘व्हिसिकॅल्क’ हें साधन तयार केलें व १९७९ सालीं तें ॲपल-टू या संगणकासाठीं विक्रीस आलें. व्याजाचा दर बदलतांच साऱ्या वर्षाचा अंदाज डोळ्यांदेखत बदलावा, हें पाहून हिशेबनीस मंडळी इतकी हरखली कीं, केवळ या एका सोयीसाठीं संगणक विकत घेणारे लोक निघाले. पुढें १९८३ सालीं आलेल्या ‘लोटस १-२-३’नें त्याची जागा घेतली, आणि १९८५ सालीं जन्मलेल्या ‘एक्सेल’नें कालांतरानें लोटसची घेतली.

लेखनाच्या बाजूस याच सुमारास ‘वर्डस्टार’चा अंमल सुरू झाला होता. तें १९७८ सालचें. त्याच्या सर्व आज्ञा एक विशिष्ट कळ दाबून तिच्या जोडीला दुसरें अक्षर दाबल्यानें दिल्या जात, त्यामुळें लिहिणाराचे हात कळफलकावरून हालत नसत. ज्यांस तें साधलें त्यांना दुसरें कांहीं रुचेना. ज्यांस साधलें नाहीं त्यांना तें मंत्रतंत्रासारखें वाटे. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीं २०१४ सालीं जाहीरपणें सांगितलें कीं, आपण अजून वर्डस्टारवरच लिहितों, कारण आपण लिहिलेलें अक्षर परस्पर दुरुस्त करणारें साधन आपणांस नको आहे. हें ऐकून श्रोते हंसले. परंतु त्या बोलण्यांत पुढें येणाऱ्या साऱ्या वादाचें बीज आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

वर्डस्टारनंतर ‘वर्डपरफेक्ट’चे दिवस आले. याच्या आज्ञा इतक्या असत कीं, त्या स्मरणांत राहाव्यात म्हणून कळफलकावर ठेवावयाची एक छापील पट्टी साधनाबरोबर मिळत असे. तरीही वकील मंडळींचें त्यावर विलक्षण प्रेम होतें, आणि त्याचें कारण एकच होतें. मजकूर वेडावांकडा दिसूं लागला कीं, एक कळ दाबून त्याच्या पोटांतील सर्व खुणा उघड्या पाहतां येत. ठळक अक्षर कोठें सुरू झालें, कोठें संपलें, समास कोठें बदलला, हें सारें समोर येई. येथें कारकून आपल्या धन्यापासून कांहींच लपवीत नव्हता.

याच्या उलट विचारानें चाललेला दुसरा एक पंथ होता. पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत १९७४ सालीं ‘ब्राव्हो’ नांवाचें साधन तयार झालें होतें. कागदावर जसें उमटणार तसेंच पडद्यावर दिसावें, हें त्याचें ध्येय. तें करणाऱ्यांपैकीं चार्ल्स सिमोनी हे पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें गेले, आणि १९८३ सालीं ‘वर्ड’ बाहेर पडलें. नवशिक्यास याहून मोठें वरदान कोणतें? पाठांतर गेलें, छापील पट्टी गेली, भीतिही गेली. परंतु ज्या खुणांमुळें अक्षर ठळक होत असे त्या आतां पडद्याआड गेल्या. परिच्छेद एकाएकीं सरकला तर तो कां सरकला, हें सामान्य मनुष्यास कळेनासें झालें. सोय वाढली आणि समज कमी झाली.

पुढें वर्ड, एक्सेल वगैरेंचा एकत्र संच विकला जाऊं लागला, आणि नव्या आवृत्तीगणिक त्यांत गुणांची भर पडत गेली. ‘आम्हांस यांतील दहावा भागही लागत नाहीं’ ही तक्रार याच काळांतली. १९९७ सालच्या संचांत कागद टांचावयाच्या चापाचें एक बोलकें चित्र आलें. आपण पत्र लिहूं लागलों कीं तें मध्येंच डोकावून ‘पत्र लिहितां वाटतें?’ असें विचारी. त्याची इतकी थट्टा झाली कीं, २००१ सालीं त्यास आपण होऊन बाहेर येण्यास बंदी झाली व २००७ सालीं त्याची कायमची रवानगी झाली. त्याच २००७ सालीं जुन्या याद्या काढून त्यांच्या ठिकाणीं चित्रांची रुंद पट्टी आणली गेली. वर्षानुवर्षें हात ज्या जागीं आपसुक जात ती जागाच नाहींशी झाल्यामुळें अनुभवी लोक संतापले. नवख्यांस मात्र तीच पट्टी सोपी वाटली. या वादांत खोटा कोणीच नव्हता. एक पक्ष संवयीची बाजू मांडीत होता व दुसरा शिकण्याची.

हे झाले गाजलेले दोष. आतां न गाजलेल्यांकडे वळूं. १९०० सालच्या फेब्रुवारींत एकोणतीस दिवस नव्हते. परंतु लोटसनें ते होते असें धरलें, आणि लोटसचे तक्ते एक्सेलमध्यें बिनचूक उतरावेत म्हणून एक्सेलनेंही ती चूक जाणूनबुजून पुढें चालविली. हा दोष निरुपद्रवी म्हणून सोडून देतां येईल. पुढचा तसा नाहीं. जीवशास्त्रज्ञ मानवी जनुकांस ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा रोमन अक्षरांच्या संज्ञा देत. एक्सेल त्या संज्ञा वाचून, कोणास न विचारतां, त्यांच्या तारखा करून टाकी. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत असें आढळलें कीं, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्यें जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकीं सुमारें एकपंचमांशांत अशा चुका होत्या. अखेर २०२० सालीं त्या जनुकांचींच नांवें बदलण्यांत आलीं! हें रूपांतर थांबविण्याची सोय एक्सेलमध्यें २०२३ सालीं आली. त्याच २०२० सालच्या शरदांत, महामारीच्या ऐन भरांत, इंग्लंडमध्यें १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आंकड्यांतून गळाली. कारण पाहूं गेल्यास अगदीं क्षुल्लक. जुन्या प्रकारच्या तक्त्यांत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते, आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या तेव्हां कोणास त्याचा पत्ता लागला नाहीं. त्या रुग्णांच्या सहवासांत आलेल्या लोकांस सूचना देण्यास तितका विलंब झाला.

हा दोष साधनाचा कीं तें भलत्या कामास लावणाऱ्यांचा, असा प्रश्न येथें कोणी विचारील. दोघांचाही, असें आमचें उत्तर आहे. हिशेबाची वही कोठारासारखी वापरणें हें चुकीचेंच. परंतु जागा संपल्यावर मुकाट्यानें कागद खालीं टाकणारा कारकून आपण ठेवला असता काय? चापाचें चित्र बडबड करी म्हणून लोकांनीं त्यास हांकलून दिलें. जो दोष मुका होता तो मात्र नोकरींत राहिला.

दुसरा मुका दोष दप्तराच्या मालकीचा. ज्या साधनानें लिहिलें त्याच साधनानें वाचतां येईल, अशी फाईल म्हणजे लेखकाचा मजकूर दुसऱ्याच्या कुलुपांत ठेवण्यासारखें आहे. याविरुद्ध चळवळ झाली. २००० सालीं ‘ओपनऑफिस’ सर्वांस खुलें झालें, त्यांतून २०१० सालीं ‘लिब्रेऑफिस’ निघालें. आणि त्यांची खुली लेखनपद्धति २००६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीसही २००८ सालीं तसाच मान मिळाला. त्या वेळीं भारताचें मत विरुद्ध पडलें होतें. म्यूनिक शहराच्या नगरपालिकेनें २००३ सालीं खुल्या साधनांकडे जाण्याचें ठरविलें व २०१७ सालीं परत फिरण्याचें ठरविलें. खुल्या साधनांचे चाहते त्यांचें फुकटपण व मोकळेपण वाखाणतात, आणि बाहेरून आलेल्या कागदाची मांडणी बिघडते हें दुःखानें कबूलही करतात. २००६ सालीं निघालेल्या ‘गूगल डॉक्स’मुळें एकाच कागदावर चौघांनीं एकाच वेळीं लिहिण्याची सोय झाली, मात्र तेथें कागदच आपल्या घरीं नसतो.

ज्यास सायंकाळपर्यंत एक अर्ज लिहून द्यावयाचा आहे त्यास या चर्चेचें काय, असें म्हणणारांस आम्ही आमचाच अनुभव सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं संगणकावर लिहिलेला एक मराठी लेख आम्हीं अलीकडे उघडला. फाईल उघडली, एकही अक्षर गहाळ नव्हतें. परंतु पडद्यावर आलीं तीं रोमन अक्षरें व नाना प्रकारचीं चिन्हें! त्या काळीं मराठी फॉन्ट करणारा प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणें अक्षरांस क्रमांक देत असे. तो फॉन्ट गेला कीं मराठी गेली. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ सालापासून स्थान होतें, पण तें सर्वांच्या हातीं येण्यास पुष्कळ वर्षें गेलीं. जुन्या मजकुराचें रूपांतर करणारीं साधनें आहेत. परंतु रफार एकीकडे व जोडाक्षर दुसरीकडे, अशी त्यांची गत पुष्कळदां होते.

पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद शेंदोनशें वर्षांनंतरही वाचले गेले, गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. मोडी वाचणारे आज थोडे आहेत हें खरें. पण शिकूं इच्छिणारास अक्षर डोळ्यांपुढें असतें. आमच्या लेखांत तेंही उरलें नव्हतें. त्याची एक छापील प्रत घरांतील ट्रंकेंत सांपडली, म्हणून तो वांचला.

यास्तव नव्या साधनाची पट्टी रुंद कीं अरुंद, याचा वाद अवश्य घालावा; परंतु त्याआधीं दोन प्रश्न विचारावेत. हा कारकून आपणांस न सांगतां कांहीं बदलतो काय? आणि उद्यां तो नसला तर त्याचें दप्तर आपल्या मुलांबाळांस वाचतां येईल काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक येईपर्यंत, महत्त्वाच्या कागदाची एक प्रत खुल्या पद्धतींत व एक छापून ठेवावी. आमची ट्रंक अजून जागच्या जागीं आहे.