पटावरचा अभ्यास



बुद्धिबळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपल्याकडे समजूत आहे. पारावर पट मांडला की खेळणारे दोघे आणि शिकविणारे दहा, हे चित्र आम्ही खामगाव-मलकापूरकडे पुष्कळ पाहिले. डावामागून डाव होतात. पण दहा वर्षांमागे जो जेथे होता, तो तेथेच असतो. नुसत्या खेळण्याने खेळ सुधारत नाही. मग कशाने सुधारतो? इतिहासाला विचारू.

अभ्यासाची कल्पना परकी नव्हे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली, पेशवाई अजून उभी असताना, मुंबईस छापले गेले. त्यात मुख्यतः पेचाच्या निवडक स्थिती आहेत. शिकणाऱ्याने त्या सोडवाव्यात व स्मरणशक्तीला व्यायाम द्यावा, हा हेतू. आजचे शिक्षकही हेच सांगतात.

पंजाबचे सुलतान खान देशी पद्धतीत वाढले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. विलायतेत जाऊन त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. डावाच्या मध्यात व अखेरीस ते बलाढ्य. परंतु युरोपातील छापील डावारंभांशी परिचय तोकडा, म्हणून सुरुवातीस अडखळत. बुद्धी होती, पुस्तक हाती नव्हते. हा दोष बुद्धीचा म्हणावयाचा काय?

रशियाचे बोटविन्निक पेशाने विद्युत् अभियंता. ते स्वतःच्या डावांवर टीपा लिहीत आणि त्या छापीत, म्हणजे चुका लोकांनीही काढाव्यात. १९४८ साली ते जगज्जेते झाले. हरलेला डाव झटकून टाकू नये, घरी पुन्हा मांडावा, हा त्यांचा धडा.

घोकंपट्टीचे काय? १९७३ साली चेस व सायमन या अमेरिकन संशोधकांनी खऱ्या डावातील स्थिती क्षणभर दाखविली. निष्णाताने ती बरीचशी जशीच्या तशी मांडली. मोहरी वाटेल तशी विखरून ठेविली, तेव्हा मात्र तो नवख्याजवळ येऊन बसला. स्मरण समजुतीच्या पाठीवर बसून येते.

एवढे सगळे करावयास वेळ लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली, ती कामगारांच्या दीर्घ लढ्यानंतर. उरलेला तास नुसता झोपेसाठी मागितलेला नव्हता. डोके वापरण्यासाठीही होता. जुलै २०२५ मध्ये आपल्या विदर्भातील, नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तिचे कौतुक करताना आम्हांस जिनातील मजुराची मुलगी आठवते. तिला पट कोण देणार?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या वाचनालयाने एक पट, मराठीतील एखादे पुस्तक आणि एक कोरी वही ठेवावी. मुलांनी रोज तासभर बसावे: आधी दोनचार स्थिती सोडवाव्यात, मग थोड्या मोहऱ्यांचे शेवट शिकावेत, एक डाव सावकाश खेळून वहीत उतरावा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातील चूक शोधावी. पारावरच्या दहाजणांनी तेवढा वेळ गप्प राहावे. प्याद्याचा फर्जी होतो, पण एकेक घर चालूनच.