आंबटाची जोडणी (मुलचेरा परिसर)

आंबट पदार्थ कशाबरोबर, कधी आणि किती खावा याविषयीची गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका आणि लगतच्या अहेरी, चामोर्शी भागातील रीत. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या दक्षिण भागातला हा जंगलपट्टा. इथे माडिया व गोंड मूळचे, मराठी बोलणारे शेतकरी शेजारचे, तेलुगू बोली प्राणहितेपलीकडून आलेली. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतीही इथेच वसल्या. विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतिग्राम ही गावांची नावेच ते सांगतात. चार तऱ्हेच्या चुली इतक्या जवळ महाराष्ट्रात क्वचितच पेटतात. भात सगळ्यांचा, आणि चिंचही सगळ्यांची; ती पानात कुठे ठेवायची यावर मात्र एकमत नाही.

आंबटाला जोडीदार शोधण्याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे इटलीतील मोदेना व रेज्जो एमिलिया इथले बाल्सामिक व्हिनेगर. द्राक्षांचा रस आटवायचा, तो आंबवायचा आणि निरनिराळ्या लाकडांच्या, क्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंपांतून वर्षानुवर्षे मुरवायचा. पारंपरिक प्रकाराला किमान १२ वर्षे लागतात, ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ म्हणवून घ्यायला २५. निघते ते काळसर, दाट आणि आंबट-गोड. म्हणून ते खारट-स्निग्ध पार्मेजान चीजवर थेंबाने टाकतात, स्ट्रॉबेरीवर घालतात, भाजलेल्या मांसावर शिंपडतात. शिरक्याला मराठी स्वयंपाकघरात, गोव्याचा माडाचा शिर्को सोडला तर, फारसे स्थान नाही. मुलचेऱ्याकडे ती जागा चिंच आणि गूळ मिळून भरून काढतात. हे साम्य नुसते रंगापुरते नाही. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टारिक, चिंचेतलेही तेच. चिंचेच्या गरात ते साधारण ८ ते १८ टक्के असते आणि साखर २५ ते ४५ टक्के. म्हणजे गूळ पडण्याआधीच ती आंबट-गोड असते. मुरण्याचेही तसेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये झोडपलेली नवी चिंच तांबूस आणि तडक आंबट असते. चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून बरणीत दाबली की वर्षभरात ती काळी पडते आणि तिचा तडकपणा उतरतो.

चिंच-गुळाच्या जोडीचा विदर्भातला ठळक पदार्थ चिंचवणी, बोलीत चिंचोणी. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नैवेद्यात ती असते. चिंच कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची, चोथा पिळून काढायचा, कोळात गूळ घालून उकळी आणायची, मीठ आणि वेलदोडा. काही घरी जिऱ्याची फोडणी देतात, काही घरी ती पाप मानतात. पळी उचलल्यावर धार तुटता तुटता एक थेंब काठाशी थांबला की झाली. ती प्यायची नसते. पोळी किंवा तळलेला वडा तिच्यात बुडवायचा. तेलकट वड्यावर तिचा जीव खुलतो, कारण आंबट तेलाचा जडपणा तोडते आणि गूळ आंबटाची धार बोथट करतो. नुसत्या भातावर मात्र ती मिळमिळीत लागते.

तेलुगू घरात हीच चिंच-गुळाची जोडी कच्चीच राहते. ‘पच्चि पुलुसु’ म्हणजे न शिजवलेले आंबट: चिंचेच्या पाण्यात चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि गुळाचा खडा, वरून जिरे-मोहरीची फोडणी. उन्हाळ्यात पाच मिनिटांत होणारे कालवण ते हेच, आणि ते भातावरच घ्यायचे. बंगाली घरात तीच जोडी ‘टक’ होते: मोहरी आणि सुकी मिरची फोडणीला, चिंच किंवा कच्चा आंबा, आणि गूळ. ते गार करून जेवणाच्या शेवटी वाढतात. बंगाली जेवण कडूपासून सुरू होऊन आंबट-गोडाकडे जाते, त्यामुळे टक आधी मागणाऱ्या पाहुण्याला घाई झाली आहे असा समज होतो. जिन्नस तेच, पण एकाकडे ते बुडवण्याचे, दुसऱ्याकडे कालवण्याचे, तिसऱ्याकडे तोंड गोड करण्याचे.

माशाबरोबर आंबट हवेच यावर सर्वांचे एकमत आहे. गोड्या पाण्यातल्या माशाला, विशेषतः चिखलात राहणाऱ्याला, जो वास येतो त्यातली काही द्रव्ये आम्लाशी बांधली गेली की उडेनाशी होतात आणि वास दबतो. तेलुगू ‘चेपल पुलुसु’त चिंच भरपूर असते आणि तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. बंगाली घरी बारीक मासे कैरीच्या किंवा चिंचेच्या आंबट रश्श्यात सोडतात. गूळ इथे जपून. माशाला गोडाची जोड सगळ्यांना सोसत नाही.

आंबाडीची गोष्ट निराळी. ती चिंचेसारखी दुसऱ्याच्या मदतीला जात नाही. स्वतःच भाजी असते आणि तिला जोडीदार लागतो. विदर्भात तो जोडीदार डाळ आणि कण्या: पाला उकडून, पाणी पिळून टाकून, शिजलेल्या तुरीच्या डाळीत व ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्यांत घोटायचा. पाणी टाकण्याला कारण आहे. पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते उकळीत उतरते. डाळ आधी शिजलेली हवी हेही तितकेच महत्त्वाचे; आंबट आधी पडले तर डाळ तासभर शिजवूनही बोटचेपी होत नाही. वर लसूण आणि सुक्या मिरचीची, तेल जरा जास्त वाटेल अशी फोडणी. आंबाडीला तेलाचा हात आखडला तर भाजी दात आंबवते. तेलंगणात हीच ‘पुंटीकूरा’, आंध्रात ‘गोंगूरा’. तिथे तिची संगत मटण आणि कोळंबीशी लागते. मटणाच्या चरबीला आंबाडी जितकी चांगली कापते तितकी चिंच कापत नाही, हे एकदा खाल्ल्यावर पटते.

माडिया-गोंडांच्या खाण्यात आणखी एक आंबट आहे, ते झाडावरून येते पण फळ नव्हे. हिरवी पाने रेशमाने शिवून घरटी बांधणाऱ्या लाल मुंग्या (बस्तरकडे चापडा) अंड्या-अळ्यांसह उतरवतात. फांदी हलली की मुंग्या हातावर धावतात आणि चावतात, म्हणून घरटे तोडून झटक्यासरशी पाण्यात किंवा भांड्यात झाडतात. मग मीठ, मिरची, लसूण घालून पाट्यावर वाटतात. हा आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा. तो लिंबाच्या जवळ जातो पण नाकात अधिक चढतो. आच दिली की तो वाफेबरोबर उडू लागतो, म्हणून चटणी कच्चीच. जुने बाल्सामिक व्हिनेगरही असेच शेवटी, गॅस बंद झाल्यावर घालायचे असते. चटणीची जोडी भाताशी किंवा पेजेशी, जिला तेलुगूत व गोंडीत जावा म्हणतात. ओडिशातल्या सिमिलिपालच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

धान्य स्वतः आंबवले की गणित उलटे होते. आंबील आणि बंगाल्यांचा पांता भात (रात्री पाणी घालून ठेवलेला) आधीच सौम्य आंबट असतात. त्यांना आणखी आंबट नको, खारट आणि झणझणीत हवे. कच्चा कांदा, हिरवी मिरची, तळलेला मासा. नवख्याची चूक इथेच होते: पांता भातावर लोणचे घेऊन तो दोन्ही वाया घालवतो.

मग इथल्या मोहापासून शिरका का नाही? सुकलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणजे कच्चा माल उत्तम. पण शिरका व्हायला आधी मद्यार्काची पायरी ओलांडावी लागते, आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. म्हणून गोड मोहफुलाची जोडी तिळाशी जमते आणि लाडवातच रमते. त्याचा आटवलेला पाक चिंचेच्या कोळात घातला तर रंगाने आणि चवीने बाल्सामिकच्या पुष्कळ जवळ जातो. भाजलेल्या लाल भोपळ्यावर तो विशेष चांगला लागतो.

शहरातल्या दुकानातून आणलेल्या बाल्सामिकला इथे वापरायचे तर चिंचेचे नियम लावावेत: तेलकट किंवा खारट काही समोर हवे, ते गोडसर असल्याने गोड्या पाण्यातल्या माशाला नको, आणि आंबिलीच्या वाटेला जाऊच नये. बाटलीवर मोदेनाचे नाव असले तरी ती स्वस्त असेल तर आत बहुधा आटवलेल्या रसात वाइनचा शिरका मिसळलेला असतो. मंद आचेवर थोडे आटवून घेतले की सुधारते. आटवताना, आणि चिंचवणी करतानाही, भांडे पितळेचे असेल तर आतली कल्हई आधी पाहून घ्यावी.