टोमॅटोच्या तोंडचा देव

टोमॅटोचं नाव बॉब, काकडीचं लॅरी. दोघांनाही हातपाय नाहीत. कारण साधं आहे: १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोतल्या फिल व्हिशरच्या कॉम्प्युटरला हातपाय, केस, कपडे हलवणं झेपत नव्हतं. त्यानं आधी चॉकलेटचा बार नायक म्हणून घेतला होता. बायको म्हणाली, पोरं गोडाच्या प्रेमात पडली तर आया वैतागतील. म्हणून मग भाजी आली!

१९९३च्या शेवटी ‘व्हेजीटेल्स’ची पहिली कॅसेट निघाली. बायबलमधल्या गोष्टी, भाज्यांनी केलेल्या. मी ते भाग फार उशिरा, मोठेपणी पाहिले आणि मनापासून हसलो. विनोद खरंच चांगले आहेत. पण प्रत्येक भागाच्या शेवटी विनोद थांबायचा. बॉब आणि लॅरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर यायचे, बायबलमधलं एक वचन दाखवायचे आणि थेट कॅमेऱ्यात बघून मुलांना सांगायचे, की देवानं तुम्हाला खास घडवलंय आणि त्याचं तुमच्यावर प्रेम आहे.

कॅसेटवर याला कुणाची हरकत असणार? ती घेणारे आईबाप हे ऐकवण्यासाठीच घेत होते. अडचण आली २००६च्या सप्टेंबरमध्ये, एनबीसी या बड्या नेटवर्कनं शनिवारी सकाळी मालिका दाखवायला घेतली तेव्हा. तोवर कंपनी व्हिशरच्या हातातून गेली होती. २००३मध्ये दिवाळं निघालं, नव्या मालकांनी पात्रं विकत घेतली. व्हिशरकडे काम आलं ते टीव्हीसाठी भागांना नवी सुरुवात आणि नवा शेवट लिहून देण्याचं. मूळ भाग जवळपास अर्ध्या तासाचे. जाहिराती धरल्या तर कात्री लागणारच होती. पण ती नेमकी कुठे चालणार, हे त्याला उशिरा कळलं. देवाचं ते शेवटचं वाक्य नको होतं. हे आधी माहीत असतं तर काम घेतलंच नसतं, असं तो नंतर म्हणाला.

गदारोळ झाला. देव नको होता तर मालिका घेतली कशाला, हा प्रश्न सगळ्यांना पडला. एनबीसीचं म्हणणं, आम्हाला सगळ्यांपर्यंत पोचायचंय, एकाच धर्माचा पुरस्कार करायचा नाही. मला ते खोटं वाटत नाही. पण दुसरंही एक कारण असावं. अमेरिकेत १९९६च्या नियमानं प्रत्येक स्टेशनला आठवड्याला तीन तास मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम दाखवणं भाग पडलं होतं. क्षमा करा, वाटून खा, खोटं बोलू नका: असा तयार माल भाज्यांकडे भरपूर होता. नेटवर्कला बोध हवा होता, बोध कुणाच्या नावानं केलाय ते नको होतं.

इथे १९६५ आठवतं. ९ डिसेंबरला सीबीएसनं ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ दाखवला. त्यात लायनस नावाचा पोरगा रंगमंचावर उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा उतारा म्हणतो. सहकारी कचरले होते. चार्ल्स शुल्झ हटला नाही, आपण नाही करणार तर कोण करणार, असा त्याचा सवाल होता. सीबीएसच्या अधिकाऱ्यांना कार्यक्रम संथ वाटला, जॅझ खटकलं. तरी प्रायोजक कोका-कोला होता, तारीख जाहीर झालेली होती, दाखवला. देशातल्या चालू टीव्हींपैकी जवळजवळ निम्म्यांवर तो लागला होता.

धार्मिक मजकूर कुठे जास्त? उघडच १९६५मध्ये. तरी तो टिकला. त्या वेळची अमेरिका वेगळी होती हे खरंच, पण मला बांधणीतला फरक मोठा वाटतो. चार्ली ब्राऊन रडकुंडीला येऊन विचारतो, नाताळ म्हणजे काय ते कुणाला माहीत आहे का, आणि लायनस त्याला उत्तर देतो. तो उतारा काढला तर प्रश्न लोंबकळत राहतो, गोष्टच कोसळते. बॉबचं वाक्य मात्र शेवटी चिकटवलेलं होतं. ते काढलं, आणि भाग तसाच गोड, तसाच बोधप्रद राहिला. एनबीसीवर तो २००९पर्यंत चाललाही.

(त्याच २००९मध्ये आपल्याकडे निकलोडियनवर पुण्याच्या बिग ॲनिमेशननं बनवलेला ‘लिटल कृष्णा’ आला. त्यातून देव काढायचा म्हटलं तर उरणार काय, गाई?)

व्हिशरला हे टोचलं असावं. २०११मध्ये एका मुलाखतीत त्यानं कबूल केलं, की दहा वर्षं मी मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला शिकवत होतो, ख्रिस्ती धर्म शिकवतच नव्हतो. एनबीसीच्या कात्रीचा आणि या कबुलीचा संबंध त्यानं जोडला होता की नाही, यात मी शिरत नाही. तोवर त्यानं नवी मालिका सुरू केली होती: बायबलमध्ये नेमकं आहे काय, ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगणारी, कापडी बाहुल्यांची. ती नेटवर्कवर नव्हती. पुन्हा घरोघरी जाणाऱ्या डीव्हीडीवर होती.