गाणाऱ्या पक्ष्यांच्या रात्रीच्या स्थलांतराचे निरीक्षण

उत्तर अमेरिकेतील थ्रश, वॉर्बलर, स्पॅरो इत्यादी बहुतेक गाणारे पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून दक्षिणेकडे रात्री स्थलांतर करतात. त्यांची नोंद मुख्यत्वे आवाज व रडार यांच्या साहाय्याने घेतली जाते. पूर्वी दुर्बिणीतून चंद्रबिंबासमोरून जाणारे पक्षीही मोजले जात.

उड्डाणात हे पक्षी गात नाहीत, तुटक हाका देतात. वॉर्बलरची हाक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अल्प असते. ऑरिन लिबी यांनी १८९६ च्या सप्टेंबरात विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळ एका रात्रीत सुमारे ३,८०० हाका निव्वळ कानांनी मोजल्या. आता आकाशाकडे रोखलेल्या ध्वनिग्राहकाने रात्रभर मुद्रण करतात व ध्वनीच्या आलेखावरून जाती ओळखतात. मात्र हाकांची संख्या म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे. एकच पक्षी अनेकदा हाक देतो, तर व्हिरिओ जवळजवळ मुकेच जातात. रडारवर उलट स्थिती असते: थवे मोजता येतात, जाती कळत नाहीत. त्यामुळे दोन्ही पद्धती परस्परपूरक ठरतात.

हवामान रडारच्या नोंदींनुसार २००७ ते २०१७ या काळात अमेरिकेवरून वसंतात रात्री जाणाऱ्या पक्ष्यांचे एकूण वस्तुमान सुमारे १४ टक्क्यांनी घटले. कृत्रिम प्रकाशाचा धोकाही अशाच निरीक्षणातून मोजला गेला. न्यू यॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ लावल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांभोवती पक्षी घिरट्या घालत राहतात व अधिक हाका देतात. झोत विझवताच ते काही मिनिटांत पांगतात. म्हणून पक्ष्यांची गर्दी फार वाढल्यास ते झोत सुमारे २० मिनिटे बंद ठेवले जातात.