वाण्याकडची बाटली

वाइनची कोणतीही जुन्या धाटणीची बाटली घ्या आणि तोंडाच्या जरा खाली बोट फिरवा. काचेची एक जाडसर कडा लागेल. आज तिचा उपयोग वेष्टण कापताना सुरी टेकवण्यापुरता. सतराव्या शतकात मात्र बूच उसळून बाहेर येऊ नये म्हणून ते दोऱ्याने याच कडेला आवळून बांधत. दोरा गेला, कडा राहिली.

फ्रान्स-इटलीत, जिथे द्राक्षं पिकतात तिथे, रोजच्या जेवणात वाइन शेकडो वर्षं होती. पण ती पिंपातून सुरईत आणि सुरईतून पेल्यात. दुकानातून एकच बाटली आणायची, मंगळवारी-बुधवारी रात्रीच्या साध्या जेवणाबरोबर ती उघडायची, ही रीत रुजवण्यात मोठा वाटा इंग्लंडचा, म्हणजे ज्या देशात द्राक्षं जवळजवळ पिकतच नव्हती त्या देशाचा. आणि त्यात जिभेच्या चोखंदळपणाचं श्रेय मला फार थोडं दिसतं. सगळी करामत जहाजांची, कोळशाची, जकातीची आणि किराणा दुकानदारांची.

सुरुवात लाकडापासून झाली. 1615 मध्ये राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण आरमाराच्या जहाजांना लाकूड पुरेना. काचवाल्यांना झक मारत दगडी कोळशाकडे वळावं लागलं. कोळशाची आच लाकडाहून कडक. तिच्यातून निघालेली काच जाड, मजबूत आणि काळपट हिरवी झाली. ती दिसायला कुरूप होती, पण आतल्या वाइनला उजेडापासून जपणारी होती आणि बूच ठोकून बसवलं तरी न तडकणारी. तोवरच्या नाजूक बाटल्या टेबलावर मिरवण्यापुरत्या असत. त्यांत कोणी माल साठवत नसे.

1630 च्या दशकात ही नवी बाटली घडवण्याचं श्रेय सर केनेल्म डिग्बी या अवलियाला दिलं जातं. याच्या बापाला संसद उडवून देण्याच्या 1605 च्या कटात फाशी झाली. मुलगा मोठा होऊन दरबारी झाला, आरमारी मोहिमेवर गेला, आणि जखमेऐवजी जखम करणाऱ्या शस्त्राला लावायची एक जादूई पूड आहे असं छातीठोकपणे सांगत फिरला. त्याच्या मृत्यूनंतर 1669 मध्ये त्याचं पाककृतींचं पुस्तक निघालं; त्यात मधापासून करायच्या मद्यांच्याच कृती कितीतरी आहेत. अशा माणसाच्या कोणत्या दाव्यावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच. पण 1662 मध्ये बाटलीच्या हक्कावरून वाद झाला तेव्हा निकाल त्याच्या बाजूने लागला.

बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओक झाडाच्या सालीचं. ते तोंडापाशी सपाट ठोकून बसवलं की काढायचं कसं, हा नवा पेच. उत्तर सैनिकांकडे तयार होतं. बंदुकीच्या नळीत अडकलेला चोथा ओढून काढायला ते पोलादी मळसूत्री आकडा वापरत. बुचं ओढणाऱ्या अशा पोलादी ‘अळी’चा उल्लेख 1681 मध्ये नेहेमाया ग्रू या वनस्पतिशास्त्रज्ञाने केला आहे.

बाटली झाली, बूच झालं, तरी ती विकायला दुकानात मांडलेली नसे. हाताने फुंकलेल्या दोन बाटल्यांचं माप कधी सारखं यायचं नाही, तेव्हा बाटलीच्या हिशेबाने विकणं म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. वाइन पिंपातून मापाने घ्यायची, बाटल्या आपल्या आपण न्यायच्या. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने 1663 मध्ये स्वतःचं बोधचिन्ह असलेल्या बाटल्या करवून घेतल्या आणि त्या मायटर नावाच्या गुत्त्यात भरताना पाहायला तो मुद्दाम गेला. पाच-सहा डझन बाटल्या! यात हौस जितकी, तितकीच ऐपत. पुढे अठराव्या शतकात कांद्यासारख्या फुगीर बाटलीला सरळ उभट अंग आलं, ती आडवी ठेवता येऊ लागली, बूच ओलं राहू लागलं आणि तळघरात वर्षानुवर्षं पोर्ट ही पोर्तुगीज वाइन मुरवायची चैन सुरू झाली. चैन अर्थात तळघर असणाऱ्यांची. बाकीच्यांच्या जेवणात बिअर.

बाटलीमागे जकातीचा नेमका किती भुर्दंड पडे, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. 1860 च्या आधी परदेशी वाइनवर गॅलनमागे पावणेसहा शिलिंगांच्या वर जकात होती. एका गॅलनच्या साधारण सहा बाटल्या होतात. म्हणजे आतला माल उंची असो की भिकार, एका बाटलीवर जवळजवळ एक शिलिंग, बारा पेनी, सरकारचे. स्वस्त वाइन आणण्यात मग अर्थच उरत नाही. त्याआधी तर शंभरावर वर्षं फ्रेंच वाइनवर जास्त आणि पोर्तुगीज वाइनवर कमी जकात होती, कारण फ्रान्सशी वैर आणि पोर्तुगालशी 1703 चा करार. इंग्रजांची पोर्टवरची पिढीजात भक्ती मला तरी या करारातून आलेली वाटते, जिभेचा संबंध नंतरचा.

1860 च्या जानेवारीत फ्रान्सशी व्यापारी करार झाला आणि अर्थमंत्री ग्लॅडस्टनने जकात एकदम तीन शिलिंगांवर आणली. 1862 पर्यंत हलक्या वाइनवर ती गॅलनमागे एक शिलिंग उरली. बाटलीमागे दोन पेनी! बोर्दोच्या लाल वाइनला लोक ‘ग्लॅडस्टन क्लॅरेट’ म्हणू लागले. पण माझ्या मते खरी मेख जकातीत नव्हती, परवान्यात होती. ग्लॅडस्टनने खानावळींना वाइन वाढायची मुभा दिली आणि साध्या दुकानदारांना बाटलीबंद वाइन विकायची. 1861 मध्ये एकेक बाटली विकायची वाटही मोकळी झाली. किराणा दुकानात चहा, साखर, मेणबत्त्या यांच्या शेजारी वाइन येऊन बसली.

या संधीचं सोनं केलं ते वॉल्टर आणि आल्फ्रेड गिल्बी या भावांनी. क्रिमियाच्या युद्धकाळात दार्दनेल्सजवळच्या लष्करी इस्पितळात कारकुनी करून ते परतले आणि 1857 मध्ये लंडनच्या सोहो भागात त्यांनी दुकान थाटलं. माल दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा, कारण वसाहतीच्या वाइनला जकात निम्मी. 1860 मध्ये ही सवलत गेली तशी त्यांनी बिनतक्रार फ्रान्सकडे मोर्चा वळवला आणि गावोगावच्या वाण्यांना एजंट नेमलं. वाण्याला वाइनमधलं ओ की ठो कळत नसे, गिऱ्हाइकालाही नाही. म्हणून बाटलीवर गिल्बींचं लेबल आणि दर ठरलेला. दुकानदार जाणकार असण्याची गरजच त्यांनी संपवली. पंधरा-सोळा वर्षांत देशातला वाइनचा खप दुपटीहून वर गेला.

ओरड झालीच. गुत्तेवाल्यांची झाली ती धंद्यापोटी. दारूबंदीवाल्यांची तक्रार जास्त रंगतदार होती: घरंदाज बाई गुत्त्यात पाऊल टाकणार नाही, पण वाण्याकडे रोज जाते, ती बाटली घेईल आणि वाणी बिलात ‘चहा-साखर’ लिहील, नवऱ्याला पत्ता लागणार नाही. 1870 च्या दशकात उमरावांच्या सभागृहाच्या समितीपुढे यावर साक्षीपुरावे झाले. वाण्यांचे परवाने मात्र टिकले. बिलं तपासणाऱ्या नवऱ्यांच्या बाटल्या कोणत्या सदरात लिहिल्या जात, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

बाटलीचं माप नंतर ठरलं. गॅलनचा सहावा भाग म्हणजे सुमारे 757 मिलीलिटर. तेच मेट्रिक युगात गोल करून 1970 च्या दशकात युरोप-अमेरिकेत 750 झालं. काच फुंकणाऱ्याच्या एका दमात मावेल तेवढी बाटली, ही गोष्ट ऐकायला छान आहे, इतकंच. रोजच्या जेवणाला हे माप गैरसोयीचंच: दोघांना एका रात्री जास्त, आणि उरलेली वाइन हवा लागून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरते. त्यावर तोडगा 1965 मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस अँगोव्ह यांनी काढला. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिशवी, वाइन काढली की पिशवी आक्रसते, हवा आत शिरत नाही. रसिक नाकं मुरडतात, पण खोक्याइतकी रोजच्या जेवणाची सोय बाटलीने कधी पाहिली नाही.

साध्या दुकानात वाइन आणण्याचं हेच नाटक महाराष्ट्राने नव्या संचात केलं. नाशिकला द्राक्षं, वाइनरी, आणि 2001 पासून वाइनला उत्तेजन देणारं राज्याचं धोरण. पण बाटली घ्यायची तर ‘वाइन शॉप’च्या जाळीपुढे, जिथे व्हिस्कीच्या क्वार्टरसाठी रेटारेटी चालू असते आणि वाइन मागणाऱ्याकडे लोक वळून बघतात. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने किमान 1000 चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये, वेगळ्या कपाटात, वाइन ठेवायला परवानगी दिली. विरोधी पक्ष तुटून पडला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, त्याच वर्षी सरकार बदललं आणि निर्णय बासनात गेला. गंमत म्हणजे बाटली त्याआधीच घरी पोचली होती: 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, राज्याने परवानाधारकांना मद्य घरपोच द्यायला मुभा दिली. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो, हे त्या महिन्यात बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.