मारुती ८०० ‘चांगली’ होती, हे नेमकं कोण सांगतंय?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो: लोकांचे अनुभव पुरावा म्हणून वापरायचे की नाही? सायन्सवाले म्हणतात, छे, ते सगळं ऐकीव. सोशल सायन्सवाले म्हणतात, लोकांचा आवाज हाच खरा इतिहास. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. म्हणून आज एक असं उदाहरण घेऊया, जे तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात नक्की सापडेल: सुझुकी ही जपानी कंपनी आणि तिची आपल्याकडे ‘मारुती’ झालेली गाडी.

वसईत कुठल्याही पन्नाशीपुढच्या काकांना विचारा, “काका, तुमची जुनी मारुती कशी होती हो?” उत्तर ठरलेलं: “अरे, एक नंबर! कधी त्रास नाही दिला.” दुसरीकडे कंपनीचा इतिहास वाचा, तिथेही सगळं एक नंबरच. दोन वेगळे स्रोत एकच गोष्ट सांगतायत, म्हणजे ती सिद्ध झाली का? नाही. दोघे कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतायत ते आधी बघावं लागतं.

हातमागापासून सुरुवात

मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये जपानच्या हामामात्सु शहरात माग बनवायचा कारखाना काढला. १९३७ च्या सुमारास त्यांनी मोटारीचे प्रयोग सुरू केले, पण युद्ध आलं आणि काम थांबलं. युद्धानंतर कापडधंद्याला मंदीचा फटका बसला, मागांना गिऱ्हाईक मिळेना. मग कंपनी इंजिनाकडे वळली. १९५२ मध्ये सायकलला लावायचं ३६ सीसीचं छोटं इंजिन आलं आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही पहिली मोटार, ३६० सीसीची, टू-स्ट्रोक, पुढची चाकं ओढणारी. जर्मनीच्या लॉइड गाडीचा अभ्यास करून ती बनवली होती.

हे ३६० सीसी कुठून आलं? जपान सरकारने छोट्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला होता, त्याला ‘केई’ म्हणतात. इंजिन आणि लांबी-रुंदी ठरावीक मर्यादेत ठेवली की कर कमी, नियम सोपे. ही मर्यादा आधी ३६० सीसी होती, १९७६ मध्ये ५५० झाली, १९९० मध्ये ६६०. म्हणजे आपण ज्या गाडीला ‘भारतीय मध्यमवर्गाची गाडी’ म्हणतो, तिचा आकार जपानच्या करपद्धतीतून आलेला आहे. १९७९ ची जपानी ‘आल्टो’ याच वर्गातली. तिच्याच कुळातला मोठ्या इंजिनाचा, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचा अवतार भारतात आला.

इथे थोडं थांबा. कंपनीच्या इतिहासात माग, सायकल, मोटार, भारत असा सरळ रस्ता दिसतो. शेवट माहीत असला की सुरुवात नेहमी सरळ दिसते. पण १९८२ मध्ये जपानातच टोयोटा आणि निसानच्या तुलनेत सुझुकी छोटा खेळाडू होता. आणि भारतात ‘मारुती’ हे नाव तेव्हा यशाचं नव्हतंच. १९७१ मध्ये निघालेली संजय गांधी यांची मारुती मोटर्स ही कंपनी लोकांच्या हाती गाडी न देताच बुडाली होती. १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग ही नवी कंपनी स्थापन केली आणि २ ऑक्टोबर १९८२ ला सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा होता २६ टक्के. एका बाजूला बुडालेलं नाव, दुसऱ्या बाजूला छोटी कंपनी. हा जुगारच होता.

१९८३ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाला किल्ली दिली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये.

तुलना कशाशी?

आता काकांच्या ‘एक नंबर’कडे येऊ. काका मारुतीची तुलना कशाशी करतायत? त्यांच्या तरुणपणी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यावर राज्य होतं प्रीमियर पद्मिनीचं. कुर्ल्याला बनणारी ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००, म्हणजे १९६० च्या दशकातलं डिझाइन. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, वजन जास्त, थंडीत सकाळी चोक ओढत बसायचं. त्यानंतर हलकी, किल्ली फिरवली की सुरू होणारी मारुती मिळाली तर माणूस खूश होणारच. बऱ्याच घरांत तर तुलना स्कूटरशी होती: पावसात चौघं कोरडी राहतायत, यापुढे बाकी सगळं किरकोळ.

म्हणून मुलाखतीचा पहिला नियम: ‘चांगली’ हा शब्द ऐकला की लगेच विचारा, कशापेक्षा? हे न विचारता तुम्ही तीस मुलाखती घेतल्या तरी हातात काही लागत नाही.

टिकाऊपणा कुठून आला?

‘जपानी म्हणजे टिकाऊ’ हे वाक्य आपण सहज टाकतो. त्यात कारण सांगितलेलंच नाही. कारण शोधायचं तर सुट्या भागांकडे बघा. सरकारची अट होती की काही वर्षांत गाडीचे बहुतेक भाग भारतातच बनले पाहिजेत. त्यात १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. जपानहून आणलेला प्रत्येक भाग अंगावर यायला लागला, त्यामुळे देशी पुरवठादार उभे करण्याची घाई झाली. सोना स्टिअरिंग, भारत सीट्स यांसारख्या कंपन्या या काळात मारुतीच्या आधाराने वाढल्या.

दुसरं, ते ७९६ सीसीचं इंजिन. ८०० मध्ये तेच, १९८४ च्या व्हॅनमध्ये म्हणजे पुढच्या ओम्नीत तेच, नंतर आल्टोतही त्याच घराण्यातलं. मधे कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, एका सिलिंडरमागे व्हॉल्व्ह वाढले, पण मूळ बांधणी ओळखीची राहिली. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, ओम्नी २०१९ मध्ये, आल्टो ८०० २०२३ मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं एकाच घराण्याचं इंजिन. परिणाम काय झाला? नाक्यावरच्या मेकॅनिकला ते पाठ झालं आणि पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळायला लागला.

तेव्हा काका “त्रास नाही दिला” म्हणतात, त्याचा एक अर्थ ‘बिघडली नाही’ असा असू शकतो आणि दुसरा ‘बिघडली, पण संध्याकाळपर्यंत तीनशे रुपयांत ठीक झाली’ असाही असू शकतो. पहिल्याचं श्रेय हामामात्सुच्या इंजिनिअरला, दुसऱ्याचं आपल्या नाक्यावरच्या मेकॅनिकला. आठवणीत दोन्ही एक होऊन बसतात. वेगळं करायचं काम संशोधकाचं.

वसई-विरारची खास गडबड

आता जागेचा परिणाम बघू. आपल्याकडे नोकरीला जाणारा माणूस सकाळी विरार लोकलमध्ये लटकतो, गाडी बिल्डिंगखाली उभी असते. ती निघते रविवारी, लग्नाला, अर्नाळ्याला, जीवदानीला, नाहीतर रात्री कुणाला दवाखान्यात न्यायला. त्यामुळे “पंधरा वर्षं वापरली, इंजिनला हात लावला नाही” हे वाक्य खरं असूनही फसवं आहे. पंधरा वर्षांत चालली किती? पुण्यात रोज ऑफिसला नेलेली आणि वसईत रविवारी काढलेली गाडी वयाने सारखी असली तरी वापराने सारखी नाही. विचारताना वर्षं आणि किलोमीटर, दोन्ही विचारा.

उलट उभ्या गाडीचा शत्रू वेगळा. भुईगाव, कळंब, राजोडीची खारी हवा पत्र्यावर बसते. मीठ ओलावा धरून ठेवतं, ओलाव्यात विरघळून वीज वाहू देणारा थर तयार करतं आणि लोखंडाचं गंजणं वेगाने होतं. म्हणून आपल्याकडच्या मालकाची तक्रार बहुधा दरवाज्याच्या खालच्या कडेची, सायलेन्सरची आणि फ्लोअरच्या पत्र्याची असणार. नागपूरचा मालक हे सांगणार नाही. दोघांची गाडी एकच, पण हवा वेगळी.

पाण्याचंही तसंच. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ बुडून लोकल बंद पडल्या, वसईत कित्येक वस्त्यांत दिवसच्या दिवस पाणी होतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. मालक म्हणेल, “इंजिन खराब निघालं.” तुमच्या नोंदीत मात्र ‘पुरात चावी मारली होती का?’ हा रकाना हवा.

नंबरप्लेटही कागदपत्रच

सोसायटीत उभ्या गाड्यांच्या पाट्या बघा. वसईच्या आरटीओचा कोड एमएच-४८, ठाण्याचा एमएच-०४. वसईतल्या जुन्या गाडीवर एमएच-०४ दिसलं तर एक शक्यता अशी की वसईला स्वतःचं आरटीओ मिळण्याआधी ती घेतली होती. दुसरी शक्यता, कुणीतरी ठाण्याहून सेकंडहँड आणली. एका पाटीतून दोन कहाण्या निघतात. कुठली खरी, ते आरसी बुकवरची पहिली नोंदणी आणि मालकांचा क्रम सांगेल. पुरावा बघितला की लगेच निष्कर्ष काढायचा नाही, दुसरं स्पष्टीकरण काय असू शकतं ते आधी लिहायचं.

जिथे अनुभव गप्प बसतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा तुम्ही छोटी गाडी वापरणाऱ्या साठ मालकांशी बोललात आणि एकानेही गंभीर अपघात सांगितला नाही. मग गाडी सुरक्षित म्हणायची? सांख्यिकीत एक सोपा ठोकताळा आहे: घटना एकदाही दिसली नाही, तर ३ भागिले निरीक्षणांची संख्या करा. खरं प्रमाण तितकं असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीनेही नाकारता येत नाही. ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. म्हणजे साठ जणांच्या ‘काही झालं नाही’ नंतरही वीस गाड्यांमागे एक अपघात ही शक्यता उभीच आहे! शिवाय हा ठोकताळा नमुना नीट निवडला असेल तरच लागू. इथे तर ज्यांच्याबाबतीत भयंकर घडलं, ते मुलाखतीला येऊच शकत नाहीत. तुम्हाला भेटतात ते टिकलेले.

अशा वेळी दुसरा स्रोत लागतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवून तपासल्या. एअरबॅग नसलेल्या आल्टो ८०० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी स्विफ्टला शून्य, २०१६ मध्ये ईकोला शून्य. आणि हे फक्त सुझुकीचं नव्हतं. ह्युंदाई, टाटा, फोर्ड, रेनो यांच्या बिनएअरबॅगच्या गाड्याही शून्यावरच होत्या. पुढे नियम बदलले, ड्रायव्हरसाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि नव्या सुरक्षा नियमांच्या तोंडावर ओम्नी बंद झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कंपनीच्या नव्या डिझायरला पाच तारे मिळाले.

ओम्नी आणि ईको म्हणजे कित्येक ठिकाणी शाळेची व्हॅन. तीस वर्षं लाखो समाधानी मालकांनी जे सांगितलं नाही, ते एका भिंतीवरच्या चाचणीने काही सेकंदांत दाखवलं. मालक खोटं बोलत नव्हते. त्यांना तो प्रश्न विचारणंच चुकीचं होतं. आणि चाचणीलाही मर्यादा आहे: दरवाजा खाऱ्या हवेत किती वर्षं टिकतो, पार्ट नाक्यावर मिळतो का, हे ती कधीच सांगणार नाही.

तुमच्या प्रपोजलसाठी

विषय गाडीचा असो, शेतातल्या पंपाचा किंवा औषधाचा, एक तक्ता बनवा. डावीकडे स्रोत, मधे ‘हा कशाचं उत्तर देऊ शकतो’, उजवीकडे ‘हा कशाबद्दल गप्प आहे’. कंपनीचा इतिहास तारखा आणि निर्णय सांगतो, अपयश झाकतो. मालक खर्च, सोय आणि सवय सांगतो, दुर्मिळ घटना सांगू शकत नाही. चाचणी दुर्मिळ घटना दाखवते, रोजचं जगणं दाखवत नाही.

मुलाखत घेताना ‘कशी होती?’ विचारू नका. ‘शेवटचा मोठा खर्च कधी आला, कशावर?’ असं विचारा. सालं आठवत नसतील तर मुलाची दहावी, घराचं बांधकाम, २००५ चा जुलैचा पाऊस अशा घटनांना बांधून विचारा. बिलं, सर्व्हिस बुक, पीयूसी असेल तर बघायला मागा. आणि गाडी विकून टाकलेले, भंगारात काढलेले, पुन्हा ती कंपनी न घेतलेले मालक मुद्दाम शोधा. ते सहज सापडत नाहीत, आणि म्हणूनच तुमच्या अभ्यासाला त्यांची गरज सगळ्यात जास्त आहे.

तक्त्याचा उजवा रकाना रिकामा राहिला, तर प्रपोजल गाईडकडे न्यायची घाई करू नका. आधी तो भरा.